११२ दिवसांचं वर्ष

माझी बदली भामरागड तालुक्यात झाली ते साल २०१२. त्याच जूनमध्ये थोरला मुलगा दहावी होऊन अकरावी सायन्सला कामठीला गेला, त्याच्या मामूंकडे. मुलांची अम्मी धाकट्या मुलीला घेऊन वडशातच राहिली, कारण मुलीची शाळा तिथे होती. एका घराची तीन घरं झाली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या घरी हे काही नवल नाही. गडचिरोली जिल्ह्यात निम्मी नोकरी अशीच जाते. पण मुलगा त्या वेळी सोळा वर्षांचा होता. बाप बाजूला हवा असं त्याला वाटतही असेल, पण ते बोलून दाखवायचं त्याचं वय नव्हतं.

मी खोली घेतली हेमलकशाला. आलापल्लीहून साठेक किलोमीटर जंगलातून रस्ता येतो, मग हेमलकसा, पुढे पर्लकोटा नदी आणि नदीपलीकडे तालुक्याचं गाव भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकमेकींना भेटतात. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ साली आश्रमशाळा निघाली आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमट्यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यामुळे हेमलकसा हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझी शाळा तिथून आत, एका पाड्यावर. दोन खोल्या, माडिया मुलं, सायकलची वाट. दिवसभर मुलं असायची. प्रश्न संध्याकाळचा होता.

मुलाला वडशात असल्यापासून एक नाद होता. इंटरनेटवर त्याने फुटबॉलचा एक संघ घेतला होता. खेळाचं नाव हॅटट्रिक. १९९७ साली स्वीडनमध्ये तो सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. मला आधी वाटलं, बटणं दाबून चेंडू मारायचा खेळ असेल. तसं काही नव्हतं. यात चेंडू दिसतच नाही. तुम्ही व्यवस्थापक. अकरा जण निवडायचे, कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवायचं, आठवडाभर कसला सराव घ्यायचा ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सामना ठरलेल्या वेळी आपोआप होतो. नव्वद मिनिटांचा सामना नव्वद मिनिटंच चालतो आणि त्याचं वर्णन ओळीओळीने उमटत जातं. एका गटात आठ संघ, साखळीचे चौदा सामने, सोळा आठवड्यांचा हंगाम. घाईच्या माणसाने यात पडू नये.

माझ्याकडे हेमलकशात इंटरनेट नव्हतं. भामरागडच्या टॉवरची रेंज माझ्या खोलीपर्यंत पोचायची नाही. पर्लकोटेच्या पुलाकडे चालत गेलं की मोबाइलवर एक-दोन काड्या उमटायच्या. मी रोज संध्याकाळी तिकडे जायचो. पहिल्या महिन्यात बापलेकांचं बोलणं असं व्हायचं: जेवलास का? जेवलो. अभ्यास? चालू आहे. मामूंना सलाम सांग. सांगतो. मग दोघेही गप्प. पैसे मात्र मोबाइलमधून जातच असायचे.

एकदा काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, तुझ्या संघाचं काय? पोरगा बारा मिनिटं बोलला.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली. तो फोनवर सांगायचा, मी लिहून घ्यायचो. खेळाडूचं वय, जागा, त्याला काय येतं, काय येत नाही. रात्री कंदिलाखाली वही उघडून मी संघ मांडायचो आणि पुलावरून त्याला कळवायचो. तो कामठीत तसं भरायचा. पटलं नाही तर भांडायचा. एका संघाला दोन व्यवस्थापक झाले, एकाकडे इंटरनेट आणि एकाकडे वही.

या खेळात खेळाडूंचा लिलाव होतो. तीन दिवस बोली चालते आणि शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली वाढवली तर मुदतही वाढते. म्हणजे ऐन वेळी तिथे बसून राहावं लागतं. मुलाचे क्लास आणि माझा पूल, दोघांनाही ते जमणारं नव्हतं. तेव्हा आम्ही ठरवलं की विकत घ्यायचं नाही, सतरा वर्षांची पोरं घ्यायची आणि घडवायची. इथे आठवड्याला सरावाचा एकच विषय घेता येतो. बचाव घेतला तर गोल मारणं मागे राहतं. एका पोराची बचावातली एक पायरी वाढायला कित्येक आठवडे लागतात. पहिलीच्या वर्गाला वाचन शिकवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. खेळाडूची कुवत इथे मुख्यतः शब्दांत सांगतात. वीसेक पायऱ्या आहेत. खालच्या बाजूला ‘भयानक’, मग कमकुवत, कामापुरता, भक्कम, उत्कृष्ट असं करत करत सर्वांत वर ‘दैवी’. मुलगा हसून म्हणाला, अब्बा, आपल्याकडे दैवी कोणी नाही, कामापुरते सगळे आहेत. म्हटलं, कामापुरते असले तरी काम होतं. त्याच सुमारास शाळेतही सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं होतं आणि आम्हा शिक्षकांना प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागत. दिवसा त्या नोंदी, रात्री या नोंदी. फरक इतकाच की पडद्यावरच्या पोराच्या नावापुढे जे लिहिलं आहे तेवढंच ते पोर असतं. माझ्या वर्गातला एक चौथीतला मुलगा मराठी वाचताना अडखळायचा, पण पाखराच्या आवाजावरून पाखरू सांगायचा, आणि डाव्या पायाने असा चेंडू मारायचा की बांबूचा गोलखांब हलायचा. नोंदवहीत पाखरांसाठी रकाना नव्हता. डाव्या पायासाठीही नव्हता.

त्यानेच एकदा माझी वही पाहून विचारलं, गुरुजी, ही पोरं राहतात कुठं?

म्हटलं, कुठंच नाही. खेळातली आहेत.

मग जेवतात काय?

हा प्रश्न मी पुलावरून कामठीला पोचवला. मुलगा खूप वेळ हसला. महिन्याभराने मामूंनी शाळेसाठी चामड्याचा खरा चेंडू पाठवला. माझी सासुरवाडी कामठीची, आणि कामठी हे फुटबॉलचं गाव. रब्बानी क्लबचं नाव तिथे लहान मूलही घेतं. माझे सासरे कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगच्या गोष्टी सांगायचे. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं त्या संघाने कलकत्ता लीग जिंकली, ती जणू स्वतः मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिली असावी अशा थाटात. मामूंना आमचा हा न दिसणारा फुटबॉल अजिबात मान्य नव्हता. “पसीना नहीं तो फुटबॉल काहे का?” हे त्यांचं म्हणणं. मुलांची अम्मी तर त्याला सरळ बेकार का धंदा म्हणायची. पण भावांचे सामने पाहत ती वाढली होती आणि आमच्या दोघांपेक्षा तिला खेळ जास्त कळत होता. मला रेंज मिळाली नाही की मुलगा संघाची खबर वडशाला तिच्याकडे ठेवायचा आणि मी तिच्याकडून घ्यायचो. निरोप देता देता ती मध्येच म्हणायची, डाव्या बचावाला त्या पोराला ठेवा, त्याला हलवू नका.

या खेळातलं वर्ष ११२ दिवसांचं असतं. सोळा आठवडे झाले की खेळाडू एका वर्षाने मोठा होतो. मी कॅलेंडर मांडलं. १० जूनपासून मोजलं तर ३० सप्टेंबरला बरोबर ११२ दिवस भरतात. म्हणजे आमच्याकडचा पावसाळा. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागड तुटतं, वीज जाते, टॉवरमधलं डिझेल संपतं. मी बाहेर पडेपर्यंत पडद्यावरची पोरं एका वर्षाने मोठी झालेली असायची. कामठीतला पोरगाही मोठा होत असणार, हे मी वहीत कुठे लिहीत नव्हतो, पण मनात होतंच.

मुलगा बारावीत गेला तो २०१३ चा पावसाळा विदर्भात फार मोठा झाला. जुलैअखेर आभाळाकडे बघून मी त्याला म्हटलं, पुढच्या सामन्यांचे हुकूम भरून ठेव. तशी सोय असते. अट घालूनही हुकूम ठेवता येतात: साठाव्या मिनिटाला आपण पिछाडीवर असलो तर अमक्याला काढा आणि तमक्याला आणा. त्या संध्याकाळी पाऊण तास पुलाजवळ उभं राहून मी वही वाचून दाखवली. संघाची उमेद राखून खेळायचं हेही ठरवलं. एका सामन्यात सगळा जीव ओतायचा हुकूम देता येतो, पण त्यानंतर संघाची उमेद खाली येते आणि ती भरून यायला वेळ लागतो. मी म्हटलं, पावसाळ्यात जीव ओतायचा नाही.

दोन दिवसांनी काड्या गेल्या. मी रोज पुलाकडे जायचो. पूल दिसतच नव्हता, तांबड्या पाण्यावरून लाकडं वाहत होती. पलीकडे टॉवर उभा होता, पण मुका. गावातली माणसंही तिथे येऊन पाणी बघायची, विडी ओढायची आणि परत जायची. माडिया माणूस पाण्यावर चिडत नाही. पाणी आपल्या वेळेनं उतरतं, हे त्याला माहीत असतं. मी शाळा घेत होतो, वही उघडत होतो आणि आज सामना झाला असेल, असं मनाशी म्हणत होतो.

एकोणीस दिवसांनी दोन काड्या आल्या. मुलाचा नंबर लावला. उचलला तो त्याच्या अम्मीने. ही कामठीत कशी, हे विचारायला माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“अब ठीक है,” ती म्हणाली. “सो रहा है.”

टायफॉइड. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरेना तेव्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलीला शेजारी सोपवून ही रात्रीच्या गाडीने गेली होती. मामू आळीपाळीने बसत होते. मला निरोप धाडायची वाटच नव्हती. आलापल्लीपर्यंत कोणाकडे तरी निरोप देता आला असता, असं मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, कळवून काय झालं असतं? नदीकाठी उभे राहून आणखी भिजला असता.

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही.

मग ती म्हणाली, “और सुनो, तुम्हारी टीम खेल गई.” मामूंच्या मुलाच्या मोबाइलवर तिने पाहून ठेवलं होतं. साखळीचे तीन सामने झाले होते. एक हरलो, एक बरोबरीत, एक जिंकलो. जिंकलेल्या सामन्यात साठाव्या मिनिटाला आपण एक गोलने मागे होतो, ठरल्याप्रमाणे बदल झाला आणि आलेल्या पोराने गोल केला. तिने मला त्या सामन्याची एकेक ओळ वाचून दाखवली. तिचं इंग्रजी अडखळत होतं, रेंज तुटत होती. शेवटी म्हणाली, डाव्या बाजूच्या पोराला सगळ्यांत जास्त तारे मिळालेत. त्याला विकायचं नाही.

फोन ठेवून मी बराच वेळ तिथेच बसलो. ते तीन सामने आमच्या संघाचा एकही मालक हजर नसताना झाले. एक तापात होता आणि एक पुराच्या अलीकडे. तरीही अकरा जण ठरल्या जागी उभे राहिले, कारण ते आधी ठरवून ठेवलं होतं आणि वर्षभर त्यांना एकेक पायरी शिकवली होती. मुलाच्या बाबतीतही असंच आहे, असं म्हणण्याचा मोह मला तेव्हा झाला. पण ते तितकंसं खरं नाही. मुलाच्या उशाशी त्याची अम्मी होती, मामू होते. पडद्यावरच्या पोराला टायफॉइड होत नाही, त्याच्या कपाळावर कोणाला ओली पट्टी ठेवावी लागत नाही. मी दूर राहून जे देऊ शकत होतो ते एवढंच: मोठा सामना नसलेल्या दिवसांतला रोजचा थोडा सराव आणि पुलावरून एक फोन. बाकीचं जवळच्या माणसांनी केलं. गडचिरोलीच्या जंगलात नोकरी करणाऱ्या कितीतरी शिक्षक, परिचारिका आणि वनरक्षकांची मुलं अशीच दुसऱ्यांच्या हातांवर मोठी झाली आहेत.

मुलगा सप्टेंबरात कॉलेजला जाऊ लागला. बारावीला त्याला फार मोठे मार्क पडले नाहीत, कामापुरते पडले. पुढे तो डिप्लोमाला गेला, आता हैदराबादला नोकरी करतो. माझी बदली २०१७ साली वडशाजवळ झाली. त्यानंतर २०१९ च्या पावसाळ्यात भामरागड गावातच पाणी शिरल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मी वर्गातल्या त्या मुलाचा हिशेब केला. तो अकरावीच्या वयाचा झाला असणार. मामूंचा चेंडू तर केव्हाच फाटला असेल.

संघ अजून आहे. आता इंटरनेट सगळीकडे आहे, तरी संघ मी वहीतच मांडतो. ही चौथी वही. आपल्याच संघातल्या जुन्या, अनुभवी खेळाडूला त्या काळी प्रशिक्षक करता येत असे. २०१६ साली आमचा डावा बचावपटू म्हातारा झाला आणि त्याला विकून नवा प्रशिक्षक आणावा असं मुलाचं मत पडलं. मी म्हटलं, घरी विचार. त्याच्या अम्मीने चहा गाळता गाळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, जो सगळ्या पावसाळ्यांत जागेवर उभा राहिला, त्याला सोडून बाहेरचा कशाला?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यालाच प्रशिक्षक केलं.