हॉझॉ

रेडिओवरच्या आमच्या रविवारच्या हंगेरियन तासात निधनवार्ता मी गेल्या हिवाळ्यापर्यंत कुणाला वाचू दिली नव्हती. नामदिनाच्या शुभेच्छा, गाण्यांच्या फर्माइशी, द्राक्षतोडणीच्या नाचाची जाहिरात, सगळं माझी शिष्या वाचायची. मेलेल्यांची नावं माझ्याकडे. त्याला कारण एक स्वर.

हंगेरियनमध्ये ‘हॉझॉ’ म्हणजे मायदेश आणि ‘हाझॉ’ म्हणजे त्याचं घर. ‘हॉझॉ’चा पहिला स्वर आखूड, ओठ गोल. ते जरा सैल पडले की शब्द हातचा जातो. क्लीव्हलंडमध्ये जन्मलेल्या मुलांचे ओठ नेमके तिथेच सैल पडतात. ही पोर तिसऱ्या पिढीची. तिचं ‘हझा’ व्हायचं, उघडं, सपाट. दोन वर्षं मी तिला स्टुडिओच्या काचेत स्वतःचे ओठ बघायला लावले. कागद समोर असला की जमायचं. बोलता बोलता गहिवरली की पुन्हा ‘हझा’. ‘ओहायो बोलतंय तुझ्या तोंडून,’ मी म्हणायचो.

मी बुडापेस्टचा. 1957 साली, अकराव्या वर्षी, न्यू जर्सीच्या कॅम्प किल्मर या निर्वासित छावणीतून इथे आलो. कानात तिथल्या कोशुत रेडिओच्या निवेदकांचा आवाज होता, तोच मी पुढे लावला. इथल्या बकाय रोडवर तेव्हा पाव, सॉसेज, शवपेटी, सगळं आमच्या भाषेत मिळायचं. मग माणसं उपनगरांत पांगली. 1892 सालच्या धर्मग्रामाचं सेंट एलिझाबेथ चर्च जागेवर राहिलं आणि आमचा एक तास राहिला. हल्ली लोक म्हणतात, बुडापेस्टचा रेडिओ फोनवर थेट लागतो, मग तुम्ही कशाला? बुडापेस्टला आमच्यातलं कोण वारलं ते माहीत नसतं. आणि तासभर चार्दाश नाचाच्या तबकड्या लावून मधे इंग्रजीत बडबडणाऱ्यांना मी निवेदक मानत नाही.

म्हाताऱ्या बायका फोन करून म्हणायच्या, ‘तुम्ही बोललात की घरचा रेडिओ लागल्यासारखं वाटतं.’ त्या एका वाक्यावर मी आठवडा काढत असे. पोरीच्या स्वराबद्दल तक्रार आली की आतून बरं वाटायचं, हेही खरं.

गेल्या हिवाळ्यात तिची आजी वारली. कार्यक्रमात लावण्यासाठी तिचा आवाज शोधत मी जुन्या कॅसेटी काढल्या. एका 20 ऑगस्टला, संत इश्त्वानच्या दिवशी, आजीने गाण्यासाठी फोन केला होता. म्हणाली, हे गाणं माझ्या ‘हझा’साठी. तोच उघडा स्वर. आजी हंगेरीतल्या नोग्राडकडची, पालोत्स. पालोत्स बोलीत आखूड ऑचे ओठ उघडतात आणि लांब आ उलट गोल होतो. हे आमच्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. म्हाताऱ्या पालोत्स माणसाच्या तोंडी तो स्वर मी लगेच ओळखला असता. जीन्स घातलेल्या पोरीच्या तोंडी मला ओहायो ऐकू आलं. ते ओहायो नव्हतं. आजीने तिला मांडीवर घेऊन दिलेला स्वर मी दोन वर्षं खरवडत होतो.

कॅसेट लावायचं धाडस झालं नाही. निधनवार्तेचा कागद मात्र मी त्या रविवारी तिच्या हातात दिला. शेवटच्या ओळीत तो शब्द होता. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मी श्वास धरून तिच्या ‘हझा’ची वाट बघत होतो.

‘हॉझॉ,’ ती म्हणाली. ओठ गोल, एकही चूक नाही.

परवा तिला कॅसेट दिली. अजून ऐकली नाही म्हणते.