कुंपणाबाहेरची मशागत

अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्झिंग्टन हे शहर आहे. सभोवतालची भूमी हिरव्या गवताची, सौम्य चढउतारांची; कुंपणांमागे चरणारे जातिवंत घोडे ही तिची ओळख. तंबाखूचे पीक आणि बर्बन नावाचे मद्य यांसाठीही हाच प्रदेश प्रसिद्ध. अशा ठिकाणी १९३५ साली व्यसनमुक्तीसाठी एक सरकारी शेत सुरू झाले.

अफू, मॉर्फिन, हेरॉइन यांच्या आहारी गेलेल्यांसाठी अशी दोन शेते उभारण्याचा कायदा अमेरिकेत १९२९ मध्ये झाला होता. दुसरे शेत १९३८ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे उघडले. लेक्झिंग्टनच्या शेताला सुमारे एक हजार एकर जमीन लाभली होती. शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण तेथे एकत्र राहत. प्रथम औषधोपचाराने नशेची ओढ शमवली जाई, मग काम. कोणी गोठ्यात, कोणी भाजीच्या मळ्यात, कोणी शिवणकामात, तर कोणी लाकूडकामात. यामागील विचार साधा होता. व्यसनी माणसाचा दिवस नशेच्या वेळेवर चालतो. गाईच्या धारेची वेळ मात्र कोणासाठी थांबत नाही. शेतामुळे दिवसाला पुन्हा शिस्त येते, भूक लागते, झोप लागते.

परंतु पुढचा हिशेब निराशाजनक निघाला. येथून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे एकोणीसशे रुग्णांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनात अडकले होते, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. कैद्यांवर मादक द्रव्यांचे प्रयोग केल्याचा कलंकही या संस्थेला लागला. १९७४ मध्ये ती तुरुंग खात्याकडे गेली.

मग शेतातील श्रम व्यर्थ होते काय? डॉ. जॉर्ज व्हेलंट यांनी येथून गेलेल्या शंभर जणांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. केवळ स्वेच्छेने राहून गेलेल्यांपेक्षा, सुटकेनंतरही दीर्घकाळ देखरेखीखाली राहून नियमित काम करावे लागलेल्यांना यश अधिक मिळाले, असे त्यांना आढळले. दोष शेताचा नव्हता. शेतात लागलेली शिस्त घरी पोहोचत नव्हती.

प्रसिद्ध सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स १९५५ मध्ये येथे उपचार घेऊन बाहेर पडले. संगीताच्या मैफिली आणि जुनी सोबत यांतच मोह होता, हे जाणून ते लगेच तिकडे वळले नाहीत. शिकागोत काही काळ त्यांनी साफसफाईसारखी मोलमजुरीची कामे केली आणि मन स्थिर झाल्यावरच वाद्य घेऊन ते रंगमंचावर परतले. पुढे ते जगन्मान्य झाले.

व्यापारी कुटुंबांनी या कथेकडे लक्ष द्यावे. उपचार घेऊन परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गल्ल्याची किल्ली देणे हा विश्वास नव्हे, आणि त्याला दुकानाबाहेर ठेवणे हीही काळजी नव्हे. पहाटे दुकान उघडणे, माल मोजून लावणे, सायंकाळी वडीलधाऱ्यांसह हिशेब मिटवणे, अशी ठरलेल्या वेळेची कामे आणि जुन्या सोबतीपासून अंतर त्याला अधिक उपयोगी पडेल. सप्तव्यसनांचा त्याग श्रावकाचा पाया मानला जातो. पण घेतलेला नियम रोजच्या पालनानेच टिकतो. शेत नांगरणी करून देते, पुढील निगराणी घरानेच करायची असते.