दारापर्यंतचा वेग

घर बांधून पाहावें आणि लग्न करून पाहावें, असें आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. ही म्हण ज्यांनीं रचिली त्यांच्या वेळीं बांधून झालेल्या घरांत तारा ओढण्याचा प्रसंग येत नसे, म्हणून यादी दोहोंवर थांबली असावी. गेले दोन महिने आम्ही हा तिसरा प्रयोग करून पाहत आहों. आमच्या गल्लींत फायबर, म्हणजे कांचेच्या तंतूंतून प्रकाश खेळविणारी तार, येऊन पोंचली आहे. येत्या गुरुवारीं ती आमच्या घरांत यावयाची आहे, आणि तत्पूर्वीं घराची जी डागडुजी करावी लागली तिची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें मनांत आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु घरांतील कोणत्या खोलीस काय द्यावयाचें हा प्रश्न ज्यांत येतो तो विषय फार वेळ रुक्ष राहत नाहीं.

आमचें घर पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या मागील बाजूस असून तें आमच्या आजोबांनीं १९३६ सालीं बांधिलें. जोतें काळ्या दगडाचें, भिंती चुन्यांत बांधलेल्या आणि दीड फूट जाडीच्या, खोल्या एकीमागून एक, आणि सर्वांत शेवटीं, न्हाणीघराच्या अलीकडे, आमच्या मातोश्रींची खोली. उन्हाळ्यांत ह्या भिंतींचे आम्ही उपकार मानतों. आमच्या ओळींतील बहुतेक बंगले पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि आमच्याहि दाराशीं आराखडे घेऊन येणाऱ्या गृहस्थांची वर्दळ असते. त्यांपैकीं एकानें आमची खटपट पाहून, "पाडावयाच्या घरांत तारा कशाला ओढतां?" असें विचारलें. मातोश्रींचें वय चौऱ्यांशी आहे. ह्या घरांतून दुसऱ्या घरांत जावयाचें नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे. आणि ज्या घरांत माणसें राहत आहेत तें पाडावयाचें घर नव्हे. एवढें उत्तर देऊन आम्हीं त्यांना चहा पाजला.

फायबरच्या कंपनीची जाहिरात सेकंदाला ३० कोटि बिटांचें आश्वासन देते. बिट म्हणजे 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगणारा, माहितीचा सर्वांत लहान कण. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें. आमच्या घरीं तें १९९९ सालीं आलें, आणि टेलिफोनच्या तारेवरून किंकाळ्या फोडीत येणाऱ्या त्या वेळच्या मोडेमची कमाल गति सेकंदाला ५६ हजार बिट होती. २००४ सालच्या सरकारी धोरणानें २५६ हजार बिटांस ब्रॉडबँड हें भारदस्त नांव दिलें, आणि तेंहि आम्हांस तेव्हां पुष्कळ वाटलें. त्या पहिल्या मोडेमच्या पांच हजार पटींहून अधिक वेग आतां येणार म्हटल्यावर घरांतील मंडळी हरखून गेली यांत नवल नाहीं. पण हें आश्वासन दारापर्यंतचें असतें. महापालिका रस्त्यांतून केवढीहि मोठी नळी नेवो, घरांतील अर्ध्या इंचाची नळी पन्नास वर्षांच्या गंजानें बुजली असेल तर माडीवरच्या नळास करंगळीएवढीच धार येते, हें पुणेकरांस सांगावयास नको.

तरी रस्त्यावरच्या वस्तूचें कौतुक केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कांचेच्या तंतूंच्या जुडींतून चित्र पलीकडे नेतां येतें, हें पंजाबांतील मोगा येथें जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी ह्यांनीं हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्यांच्यासह १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु त्या काळच्या कांचेंत प्रकाश थोड्याच अंतरावर मावळून जाई. १९६६ सालीं चार्ल्स काओ ह्यांनीं, जॉर्ज हॉकहॅम ह्यांच्यासह, असें प्रतिपादिलें कीं, हा दोष कांचेच्या स्वभावाचा नसून तिच्यांतील अशुद्धीचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर शंभरांतील एक भाग जरी प्रकाश उरला तरी काम होईल, एवढीच त्यांची मागणी होती. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं ती पुरी केली. आजच्या उत्तम तंतूंत किलोमीटरनंतर शंभरांतील सुमारें पंचाण्णव भाग उरतात. काओ ह्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, कपानी ह्यांस मिळालें नाहीं, आणि ह्यावर आमचे पदार्थविज्ञानाचे सहकारी अजूनहि तावातावानें बोलतात. आम्ही पडलों इंग्रजी वाङ्मय शिकविणारे. त्या वादांतील न्यायनिवाडा आमच्या आवाक्यांतला नाहीं. पण एका माणसानें जगांतली सारी कांच मनांतल्या मनांत धुऊन पाहिली, ही गोष्ट आम्हांस महाकाव्याच्या तोडीची वाटते.

हा तंतु एकट्या आपला नसतो, हेंहि सांगितलें पाहिजे. वाटेंतील एका लहानशा पेटींत एकाच तंतूंतील प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांस वांटला जातो, आणि ह्या वांटणीला वीज लागत नाहीं. येणारा प्रकाश सर्वांच्याच घरीं जातो, व प्रत्येक घरची पेटी त्यांतलें आपल्या नांवाचें तेवढें उचलते. घरांकडून परत जाणाऱ्या प्रकाशास मात्र पाळ्या लावून दिलेल्या असतात. वाड्यांतला सामाईक नळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही व्यवस्था अधिक समजावून द्यावी लागणार नाहीं.

आतां घराची बाजू. सामान्यतः लोक दिवाणखान्यांत एक राउटर बसवितात आणि पुढचें काम हवेवर सोपवितात. ह्या बिनतारी लहरी आमच्या घरांत दोन प्रकारच्या आहेत: एकीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहा. लांब लहर भिंतींतून त्यांतल्या त्यांत बरी निभावते, पण तिचा वेग बेताचा, आणि तिच्यावर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी. आंखूड लहर चपळ, पण दीड फुटी भिंत आडवी येतांच तिचा जोर ओसरतो. दिवाणखान्यांतून मातोश्रींच्या खोलीपर्यंत अशा तीन भिंती आहेत. पणजोबांना तोफांची भीति होती काय, असें आमची कन्या विचारते.

ह्या कामांत कन्या हीच आमची गुरु. ती एका कंपनीचें काम माडीवर बसून करते, आणि यंत्रांच्या बाबतींत विक्रेत्यांचें ऐकून घेण्याची तिला संवय नाहीं. एकमेकांशीं हवेंतूनच बोलणारे तीन राउटर घ्यावे असा एकानें आग्रह धरिला, तो तिनें मानला नाहीं. जी पेटी एकाच लहरीवर निरोप ऐकते आणि त्याच लहरीवर तो पुढें सांगते, तिचा निम्मा वेळ ऐकण्यांतच जातो, असें तिचें म्हणणें पडलें. "बाबा, जी वस्तु जागची हलत नाहीं तिला तार, जी हातांत घेऊन हिंडतात तिला हवा," हा तिचा नियम.

म्हणून आम्ही दोघें तार आणावयास तपकीर गल्लींत गेलों. ह्या तारेच्या पोटांत आठ तारा असतात, दोनदोनांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीस पीळ दिलेला, आणि प्रत्येकीचा पीळ निराळा. बाहेरच्या विजेची खरखर पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखीच पडते व पलीकडच्या टोंकाला वजाबाकींत नाहींशी होते. ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांची, १८८१ सालची. संसारी वाचकांस हें वाचून जें आठवेल तें आम्हांसहि आठवलें. दुकानांत तशीच दिसणारी तार बऱ्याच कमी किंमतींतहि दाखविण्यांत आली. कन्येनें तिचें टोंक चाकूनें खरवडलें, तों तांब्याखालून पांढरें अल्युमिनियम डोकावलें. दुकानदार मुळींच रागावला नाहीं. "ओळखणारें गिऱ्हाईक क्वचित् येतें," असें म्हणून त्यानें आंतून अस्सल तांब्याचें भेंडोळें काढून दिलें.

भिंतींस नवीं भोकें पाडावयाचीं नाहींत, अशी मातोश्रींची अट होती, आणि ती पाळण्याचा मार्ग वायरमननें काढला. आजोबांच्या वेळच्या विजेच्या तारा सागवानी पट्ट्यांच्या खोबणींतून, वर लाकडी झांकण घालून, छताच्या कडेनें फिरविलेल्या असत. भिंतींतून आरपार जावयाच्या जागीं चिनी मातीच्या नळ्या बसविलेल्या असत. १९८५ च्या सुमारास वीज नव्या नळ्यांतून खेळूं लागली. पट्ट्या काढण्याचा कोणास उत्साह नव्हता म्हणून त्या तशाच राहिल्या. विजेच्या चालू तारेला खेटून ही तार नेऊं नये असा संकेत आहे. ती अडचण येथें आपोआप टळली. खोबण मात्र थोडी कोरून रुंद करावी लागली. नव्वद वर्षांच्या सागवानाचा भुसा पडूं लागतांच घरभर असा कांहीं वास दरवळला कीं, मातोश्री खोलीबाहेर येऊन खुर्ची टाकून बसल्या, आणि काम संपेपर्यंत उठल्या नाहींत.

माडीवर जाणारी जुनी तार पंधरा वर्षांपूर्वीं एका कंत्राटदारानें घातली होती. ती सेकंदाला १०० कोटि बिट नेण्यास समर्थ असूनहि १० कोटींवर अडते असें आढळलें. शंभर कोटींच्या वेगास आठहि तारा लागतात, दहा कोटींस चारच पुरतात, आणि तपकिरी रंगाची एक तार त्यानें टोपणांत बसविलीच नव्हती. अशा वेळीं यंत्र तक्रार न करतां खालच्या वेगावर निभावून नेतें. रस्त्यावरून येणारा वेगच आजवर त्याहून कमी होता, म्हणून पंधरा वर्षें कोणास पत्ता लागला नाहीं. नवें टोपण बसविण्यास पांच मिनिटें लागलीं.

खरा वाद झाला तो राउटर कोठें ठेवावयाचा आणि पहिली तार कोणास द्यावयाची, ह्याबद्दल. कंपनीतर्फे पाहणीस आलेल्या तरुणानें आल्याबरोबर "टीव्ही कुठं आहे?" असें विचारलें; घराचा मध्य तो, अशी त्याची समजूत दिसली. कन्येस माडी हवी होती, आणि तिच्या पोटापाण्याचा प्रश्न असल्यामुळें तें रास्त होतें. आम्हांस अभ्यासिका सोईची होती. पत्नीनें कोणतीच खोली मागितली नाहीं; तिनें कन्येला प्रत्येक खोलींतला वेग मोजून कागदावर लिहावयास सांगितलें. मातोश्रींच्या खोलीपुढें शून्य पडलें.

आमची भगिनी टोरांटोस असते. दर रविवारीं तिचा चेहरा पाहण्यासाठीं मातोश्री काठी टेकीत तीन उंबरठे ओलांडून दिवाणखान्यांत येत. गेल्या पावसाळ्यांत दुसऱ्या उंबरठ्याशीं त्यांचा पाय अडखळला. हाड मोडलें नाहीं. परंतु त्यानंतर बहुतेक रविवारीं त्या "आज राहूं दे, तिला म्हणावें बरी आहें," असें म्हणूं लागल्या. आम्हीं तें वयाचें औदासीन्य समजत होतों. भगिनी फोनवर रडली, तेव्हां तीहि तेंच समजली होती. त्या शून्याकडे पाहिल्यावर वादास कांहीं उरलें नाहीं. सागवानी पट्टींतून गेलेली पहिली तार मातोश्रींच्या खोलींत उतरली, आणि तिच्या टोंकाशीं एक लहान बिनतारी पेटी त्यांच्या उशाकडील कोनाड्यांत बसविली.

एवढ्यावर काम संपलें असें सर्वांनीं धरिलें असतां मातोश्रींनीं टेलिफोनाकडे बोट दाखवून विचारलें, "वीज गेल्यावर हा वाजेल का?" दोन महिन्यांत कंपनीच्या मनुष्यानें, वायरमननें, कन्येनें किंवा आम्हीं हा प्रश्न केला नव्हता. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनास घरची वीज लागत नाहीं. एक्स्चेंजमधील बॅटरीचे ४८ व्होल्ट त्याच तारेंतून येतात, आणि गल्लींत अंधार असला तरी यंत्र जिवंत राहतें. कांचेंतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं. फायबर आल्यावर टेलिफोनाचा क्रमांक तोच राहील, पण यंत्र घरांतल्या पेटीस जोडलें जाईल, आणि त्या पेटीची वीज गेली कीं तें मुकें होईल. मातोश्री हें विचारतात त्यास कारण आहे. १९९८ सालीं पावसाळ्यांतल्या एका रात्रीं, वीज गेलेली असतांना, आमच्या वडिलांच्या छातींत दुखूं लागलें, आणि मेणबत्तीच्या उजेडांत त्यांनीं डॉक्टरांस बोलाविलें तें ह्याच क्रमांकावरून. त्यानंतर वडील अकरा वर्षें होते. "आतां मोबाईल आहे ना, आजी," असें कन्या म्हणाली. मोबाईल चार्ज करावयास विसरतें, त्याचीं अक्षरें रात्रीं दिसत नाहींत, आणि ह्या यंत्राचीं बटणें हातास पाठ आहेत, असें तीन कलमी उत्तर तिला मिळालें.

म्हणून १२ व्होल्टची एक बॅटरी आणिली. फायबरची पेटी, राउटर आणि कोनाड्यांतली लहान पेटी हीं तिन्ही तिच्यावर चालावीं अशी योजना आहे. दुकानदारानें ती चार तास पुरेल असें सांगितलें होतें. मातोश्रींनीं तें ऐकून घेतलें आणि काल दुपारीं जेवणें झाल्यावर मुख्य बटण बंद करावयास लावलें. फायबरची पेटी अजून आलेली नाहीं, म्हणून तिच्या जागीं जुना मोडेम जोडला. पंखे थांबले, घर उकडूं लागलें, आणि कोनाड्यांतल्या पेटीच्या हिरव्या दिव्याकडे पाहत त्या पलंगावर बसून राहिल्या. दिवा विझला तेव्हां त्यांनीं घड्याळ पाहिलें आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर कालच्या तारखेच्या चौकोनांत पेन्सिलीनें लिहिलें: ३ तास १० मिनिटें. आज सकाळीं कन्या दुसरी बॅटरी आणावयास गेली आहे.