‘अरे, उंट काढ की!’

पूर्वी बुद्धिबळाच्या पटावर खेळणारे दोघं आणि भोवती शहाणे पाच. ‘अरे, उंट काढ की!’ असं कुणीतरी पचकायचंच. मग समोरचा अडून बसायचा, ‘ही चाल तुझी नाही, दुसरी कर.’ लबाडी होती, पण सगळ्यांच्या कानांदेखत. स्पर्धेत डाव तहकूब झाला की पुढची चाल पाकिटात बंद करून पंचांकडे द्यायची आणि रात्रभर मित्रांसोबत त्या स्थितीचा कीस पाडायचा. ही मदत तर चक्क नियमात बसायची. सकाळी पटावर मात्र तुम्ही एकटेच.

१९९७मध्ये डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा ते यंत्र अवाढव्य होतं. आज खिशातल्या मोबाइलवरचं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर जगज्जेत्यालाही ऐकत नाही. २०२१मध्ये मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंदशी ऑनलाइन खेळलेल्या उद्योजक निखिल कामथ यांनी तज्ज्ञांची आणि संगणकाची मदत घेतल्याचं मागाहून कबूल केलं. निदान कबूल तरी केलं.

आमच्या सोसायटीतल्या एका पोरानं मला ‘क्रॅक’ केलेलं ब्राउझरचं एक्स्टेन्शन दाखवलं. पटावर हिरवा बाण उमटतो, तो सांगेल ती सोंगटी हलवायची. गंमत बघा, स्टॉकफिश मुळात फुकट आणि खुलं. त्यावर बाण चिकटवून कुणी ते लबाडांना विकतो आणि दुसरा कुणी त्याचं कुलूप तोडून वाटतो. चोराच्या घरी चोरी! सोबतच्या सूचनांतली पहिलीच ओळ होती, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ त्याखाली, सगळ्या वेबसाइटवरची माहिती वाचायची परवानगी द्या. त्याच लॅपटॉपवर त्याचे बाबा बँकेचे व्यवहार करतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. उद्या खातं साफ झालं तर तक्रारीत काय लिहिणार?

शिवाय असे लबाड अनेकदा पकडलेही जातात. सरळ मारामारीची चाल असो की खोल डावपेच, प्रत्येकीला सारखेच सहा-सात सेकंद लागायला लागले की खेळाच्या साइटला वास येतो. खातं बंद होतं, हरलेल्याला त्याचे गुण परत मिळतात. पण तो बिचारा रात्री डाव पुन्हा लावून आपली न झालेली चूक शोधत बसलेला असतो, त्याचं काय? मला राग येतो तो याचा.

आणि संशय. पूर्वी कुणी वजीर देऊन मात केली की ते पाचही शहाणे ‘वा!’ म्हणायचे. मागच्या रविवारी त्या पोराशी ऑनलाइन खेळताना मी हत्ती देऊन मात केली. लगेच मेसेज आला, ‘काका, कुठलं वापरता?’