राशीची धनीण

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पावसात येत नाही. पाऊस सरता सरता ती पेरतात आणि ती थंडीवर येते. उत्तरा-हस्ताच्या वाफशावर तिफण चालली की पुढे आभाळाकडे कुणी फार बघत नाही. खाली पुरुषभर खोल चिकण माती, तिच्या पोटातली ओल आणि पौष-माघातलं दव, एवढ्यावर माणसाच्या डोक्यावरून जाणारं पीक उभं राहतं. माझी आज्जी या रानाच्या एका काठाला जन्मली आणि दुसऱ्या काठाला सून म्हणून आली. मधलं अंतर बैलगाडीने अर्ध्या दिवसाचं. नव्वदीच्या आसपास पोचलेलं तिचं आयुष्य एवढ्या जागेत मावलं, आणि मला ते कधीच लहान वाटलं नाही.

वय तिला सांगता यायचं नाही, काळ मात्र बिनचूक सांगता यायचा. गांधीबाबा गेले त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे घरातली उतरंड वाजली तेव्हा माझे वडील पाळण्यात होते. किल्लारी झाली त्या रात्री ती अंगणातच झोपली होती आणि पहिल्यांदा गोठ्याकडे धावली, जनावरं सोडायला. बाकी सगळी सालं तिच्या बोलण्यात पिकांवरून यायची: करडई चिकट्याने गेली ते साल, हरभऱ्याला घाटे लागलेच नाहीत ते साल. फक्त 1972 ला ती नुसतं ‘बाहत्तर’ म्हणायची, आणि तेवढ्याने घरातली मोठी माणसं गप्प व्हायची.

बाहत्तरला काळ्या रानाला पाय जाईल अशा भेगा पडल्या. बैलजोडी मिळेल त्या भावाला गेली. धाकट्या आत्याला झाडाच्या सावलीत झोळीत टाकून आज्जी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून, वि. स. पाग्यांसारख्या माणसाच्या चिकाटीतून पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा आला. पण आज्जीच्या लेखी ते दिवस म्हणजे हाताला बांधलेल्या चिंध्या, लेकरांना मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो. मिलोची भाकरी थापताना चिरायची. मालदांडी ज्वारीच्या पिठावर वाढलेल्या हाताला ते पीठ शेवटपर्यंत वळलं नाही.

घरात बियाण्याची दोन गाडगी होती. एकात मालदांडी, दुसऱ्यात हुरड्याची गूळभेंडी. आज्जी आणि तिची सासू दोघी एका रात्री चुलीपुढे बसल्या आणि त्यांनी ठरवलं की गूळभेंडी दळायची आणि मालदांडी ठेवायची. हुरडा चैनीचा, भाकरी रोजची. निर्णय बरोबर होता. पुढच्या हंगामात रान पेरलं गेलं ते त्याच एका गाडग्यावर. तरी आमच्या घरचं गूळभेंडीचं वाण त्या रात्री संपलं याचं दुःख तिने कितीतरी वर्षं धरलं. नंतर माहेरच्या रानातून तिने ते बी पुन्हा आणलं, लावलं, वाढवलं. गोडीला उतरलं. ‘पर आपलं न्हवं ते,’ एवढंच ती म्हणायची. माणूस गेल्यावर ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

दामाजीपंतांच्या गावची ती. दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशहाचं कोठार उघडून दामाजींनी भुकेल्यांना धान्य वाटलं आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बेदरला जाऊन त्याची भरपाई केली, ही कथा आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. आज्जी ती सांगायची तेव्हा कथेत बायका असायच्या. पेवात कोण उतरलं, आतली हवा बघायला आधी दिवा सोडला का, धान्य पाखडून कुणी दिलं, रांगेतल्या बाळंतिणीला आधी कुणी पुढे घेतलं. कीर्तनकारांच्या तोंडी यातलं काही नसतं. मला तिचीच दामाजींची कथा खरी वाटते. वाटप कसं होतं हे तिला माहीत होतं.

बियाण्याचं काम तिचं एकटीचं. मोहोळच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञांनी इथल्याच मालदांडीतून निवड करत ‘एम 35-1’ तयार केली आणि रब्बी ज्वारीचा निम्मा महाराष्ट्र तिच्यावर पोसला. निवड करायची ही रीत आज्जीच्या हातात आधीपासून होती. काढणीच्या आधी ती एकटी रानात शिरायची. बांधाकडेची ताटं सोडून द्यायची, कारण तिथे दाटी नसते आणि कणीस उगाच फुगतं. आतल्या दाटीत उभं राहून, शेजारच्या ताटांशी ओल वाटून घेऊनही ज्याचं कणीस भरलंय, दाणा मोत्यासारखा पांढरा आहे, देठ वाकलेला नाही, तेवढंच खुडायचं. कणसांच्या जुड्या चुलीच्या वर आढ्याला टांगायच्या. धुराने किडा लागत नाही. दाणा वाळला का ते दाताखाली धरून बघायचं. कट् वाजला की राखेत घोळून गाडग्यात. एवढी चाळण लावून पुढच्या वर्षाचं रान तिच्या हातातून जायचं.

आणि तरीही खळ्यावर ती रेषेबाहेर. मेढीभोवती बैलांची पात फिरायची, आबा, म्हणजे माझे आजोबा, वावडीवर उभे राहून वाऱ्यात धान्य सोडायचे. वारा कोणत्या वेळी सुटेल हे मात्र सकाळीच आज्जीने सांगितलेलं असायचं. रास झाली की मोजायला पुरुष बसत. त्या वेळी बोलायचं नसतं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. आज्जी खळ्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि मनात मोजायची. पोती किती झाली याचा हिशेब संध्याकाळी आबा तिलाच विचारायचे.

मग उजनीचं पाणी आलं, नदीकाठच्या रानात ऊस उभा राहिला, ट्रॅक्टर आला, मळणी यंत्र आलं. पाण्याचा तिला आनंद होता. डोक्यावरचा हंडा उतरला याचं मोल तिला कुणी सांगायला नको होतं. आमचं रान नदीपासून लांब, तिथे ज्वारीच राहिली. पुढे मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडिलांनी पेपरातली बातमी तिला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘भाव वाढंल का?’

मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सात-बाऱ्याचं. शरद जोशींनी 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, ते दान म्हणून नाही, देणं फेडण्यासाठी. आबा जोशींच्या संघटनेच्या सभांना जायचे. बरीच वर्षं त्यांनी विचार केला आणि मग ओढ्याकडचा तुकडा आज्जीच्या नावावर केला. अंगठा लावून ती घरी आली, उतारा वाचून घेतला, आणि त्यात बांधावरची बाभळ लिहिलेली नाही हे तिला खटकलं. त्यानंतर त्या तुकड्यात काय पेरायचं हे ती कुणाला विचारत नसे. पाटे मोकळे सोडून करडई टाकायची, कधी हरभरा. आबांना पटो न पटो.

आबा गेले तेव्हा वारसनोंदीचा विषय निघाला. मुलींना बापाच्या वाट्यात वारस 1956 च्या कायद्यानेच धरलेलं आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हिस्सा महाराष्ट्राने 1994 साली दिला आणि 2005 मध्ये केंद्राने कायदा बदलून तो देशभर केला. पण गावोगावी काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेराव्याच्या आसपास बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो आणि माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. आमच्याकडेही भावकीतल्या एकाने तो कागद आणला होता. दोन्ही आत्या सही करायला तयार होत्या. आज्जी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘पोरींची नावं ऱ्हाऊ द्या. रान त्यांनीबी खुरपलंय.’ वडील काही क्षण तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी कागद घडी करून परत दिला. वडिलांचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका पुढे क्वचितच वाटला असेल.

ती स्वतः गेली ती काढणीच्या दिवसांत, थोड्या आजाराने, घरीच. मृत्यूची नोंद करताना धंदा काय लिहायचा असं विचारलं गेलं. लिहिणारा ‘घरकाम’ लिहायच्या बेतात होता. थोरल्या आत्या, ज्यांनी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नाही, त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘शेती. शेती लिहा.’

ओढ्याकडचा तुकडा आता थोरल्या आत्याच बघतात. आज्जीच्या गाडग्यातलं बी त्यांच्याकडे आहे. काढणीला त्या येतात, चार बायका घेऊन स्वतः ताटं उपटतात, आपल्या वाट्याची पोती टेम्पोत घालून नेतात. यंदा त्यांनी तिथे निम्म्या रानात गूळभेंडी पेरायचं ठरवलंय. हुरड्याला आता शहरात चांगला भाव आहे म्हणतात. वडिलांना हे मुळीच पसंत नाही आणि दोघा बहीणभावांचं त्यावरून फोनवर रोज भांडण चालू आहे.