क्लेअरमाँटची बाळंतीण

शार्लट, तू गेलीस तेव्हा म्हणे लंडनच्या दुकानांतलं काळं कापड संपलं. राजाच्या नावानं कारभार करणारा तुझा बाप, रीजंट, मेला असता तर लोकांनी एवढं सुतक खचित पाळलं नसतं. आजोबा, इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज, विंडसरला आंधळे, भ्रमिष्ट. त्यांना इतकी मुलं, पण औरस नातवंड तू एकटीच. म्हणून तुझ्या पोटाकडे अख्खं राज्य डोळे लावून बसलं होतं.

तुझं बाळंतपण बघणाऱ्या डॉक्टरनं, सर रिचर्ड क्रॉफ्टनं, आधीपासून तुझं खाणं तोडलं, वरचेवर रक्त काढलं. त्या काळची रीतच ती. 3 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि 50 तास सरले. क्लेअरमाँटच्या घरात तुझ्या खोलीशेजारी कँटरबरीचे आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर, मंत्री येऊन थांबलेले. कशाला? तर गादीचा वारस खरोखर तुझ्याच पोटी आला याला साक्ष हवी! चिमटा लावायची वेळ आलीच तर म्हणून डॉक्टर सिम्सनाही बोलावून घेतलं होतं. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राच्या एका मासिकाचे संपादकही होते. त्यांना बाजूच्या खोलीतच बसवलं, चिमटा लावलाच नाही. निसर्गाला त्याचं काम करू द्यावं, असं क्रॉफ्टचं शास्त्र. मला मात्र वाटतं, उद्याच्या राणीला हात लावायला सगळे बिचकले. तबेलेवाल्याची बायको अशी अडली असती, तर सुईण एवढी थांबली नसती.

5 तारखेला रात्री नऊला मुलगा झाला. चांगला अंगानं भरलेला, पण निर्जीव. उजाडायच्या आत तूही गेलीस, वयाच्या एकविसाव्या वर्षी. थकून झोपलेल्या तुझ्या नवऱ्याला, लिओपोल्डला, उठवून सांगावं लागलं.

त्याच 5 नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढत होती. पुण्याला तुझी खबर नव्हती, तुला पुण्याची. 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, 19 ला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये तुला पुरलं. त्या निशाणाचा राग मला तुझ्यावर काढता येत नाही. खुद्द तुझ्या देशात, तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डर्बीला तीन बंडखोरांना फाशी देऊन त्यांची मुंडकी उडवली. त्यांच्यासाठी काळं कोण नेसणार? कवी शेलीनं तुझ्या मृत्यूवर पत्रक काढलं, पण त्यात खरा शोक त्या तिघांचा होता. मला तो पटतो, आणि तरी तुझ्यासाठी जीव तुटतोच.

मग वारसासाठी तुझ्या काकांची लग्नाची धांदल उडाली. 1819 मध्ये त्यांतल्या एकाला मुलगी झाली, व्हिक्टोरिया. लिओपोल्ड पुढे बेल्जियमचा राजा झाला. दुसऱ्या बायकोपासून झालेल्या मुलीला त्यानं तुझंच नाव ठेवलं.

आणि क्रॉफ्ट? त्याला कुणी शिक्षा केली नाही. उलट तुझ्या बापानं त्याच्यावर विश्वास असल्याचं कळवलं. 1818 च्या फेब्रुवारीत तो दुसऱ्या एका बाईच्या बाळंतपणाला गेला होता. तीही अडली. तिची सुटका व्हायच्या आत त्यानं त्याच घरात स्वतःवर पिस्तूल झाडलं.