आजीचे दुखणे आणि आमचे मौन

आमची आजी 1993 साली गेली. गाव उस्मानाबाद जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात. आम्ही तेव्हा नववीत होतो. आजीने दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि आमच्या वडिलांना शिकविले. ती कधी आजारी पडल्याचे कोणाला आठवत नव्हते. कारण तिने सांगितलेच नव्हते.

पाळी जाऊन बरीच वर्षे झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले. आईने विचारले तेव्हा ती म्हणाली, "गप बस. बायांचं दुखणं बापयांत सांगायचं नसतं." पुढे कंबर धरली, उठणे-बसणे होईना, तेव्हा वडिलांनी तिला बार्शीला नेले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, तोही फार पसरलेला. चार महिन्यांत आजी गेली. गावच्या नोंदवहीत मृत्यूचे कारण लागले, वार्धक्य!

आज आम्ही स्वतः कारकून आहोत. ज्याची नोंद नाही, त्याचा विचार कोणी करीत नाही, हे आम्हास टेबलावर रोज दिसते. म्हणूनच बार्शीच्या कामाचे मोल आम्हास वाटते. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांसाठी 1987 साली तेथे कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. देशाच्या ग्रामीण भागातील ती पहिलीच. कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्ण शोधीत.

पुढे 1999 साली आमच्याच जिल्ह्यात मोठे संशोधन सुरू झाले. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते केले. खेड्यापाड्यांतील 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 स्त्रियांचा त्यात समावेश होता. 2009 साली निष्कर्ष आला. या रोगाचे मूळ असलेल्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली, तरी पुढे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात. आज जगभर या तपासणीचा पुरस्कार होतो, त्यामागे आमच्या खुरपणी करणाऱ्या आयाबहिणी आहेत.

मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही. तुलनेसाठी त्यांपैकी 31,488 स्त्रिया नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवल्या होत्या. म्हणजे त्यांची अशी तपासणी झाली नाही. त्यांच्यातील 64 जणी या रोगाने गेल्या. हे योग्य झाले का, असा प्रश्न पुढे जाणकारांनीही विचारला. आमच्या वस्तीतील विहारात आम्ही ही माहिती दिली, तेव्हा एक बाई उठून म्हणाली, "गरिबावरच प्रयोग का?" प्रश्न रास्त आहे. संशोधनाला पाठिंबा द्यावा, पण डोळे उघडे ठेवून. समजेल अशा भाषेत माहिती मागावी, संमतीचा कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये, आणि निष्कर्षाचा लाभ प्रथम त्याच वस्तीला मिळाला पाहिजे असा आग्रह धरावा.

सभा झाली, टाळ्या झाल्या. घरी येताना पत्नीने विचारले, "आणि आपल्या आईंची तपासणी?" आम्ही निरुत्तर झालो. वस्तीभर बोलणारे आम्ही, स्वतःच्या आईला हा प्रश्न विचारू शकलो नव्हतो. आजीचे मौन आम्ही वारशाने जपले होते. त्या रात्री आईजवळ बसून आम्ही तो विषय काढला. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आजीला कुणी असं विचारलं असतं तर बरं झालं असतं." दुसऱ्या आठवड्यात सासू-सुना दोघी तपासून आल्या. दोघींचेही अहवाल चांगले आले.

आता मुलींसाठी या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही 2023 साली आली. ती 9 ते 14 या वयात देणे उत्तम. पण लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवू नये.

वाचकहो, आजीच्या स्मृतिदिनी आम्ही आता जेवणावळ घालीत नाही. त्या पैशांत वस्तीतील भगिनींना गाडी करून तपासणीला नेतो. आपणही आज घरी गेल्यावर आपल्या आईला एवढे विचारा, "तुझे काही दुखते का?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्याजवळून उठू नका.